वेगसमीकरणात हायड्रॉक्साइड आहे, पण त्याने कोबाल्टला हातही लावलेला नाही

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "पेंटाअमाइन-क्लोरो-कोबाल्ट(३), म्हणजे मधोमध कोबाल्ट आणि त्याभोवती पाच अमोनिया व एक क्लोराइड, या जांभळट लाल कॉम्प्लेक्समध्ये अल्कली घालून मी अभिक्रियेचा वेग मोजला. हायड्रॉक्साइड दुप्पट केला की वेगही दुप्पट होतो. म्हणून प्रोजेक्टमध्ये लिहिलं की हायड्रॉक्साइड थेट कोबाल्टवर येतो आणि क्लोराइडला बाहेर काढतो, म्हणजे मेकॅनिझम असोसिएटिव्ह. परीक्षकांनी ते खोडलं आणि डिसोसिएटिव्ह, म्हणजे जुना गट आधी सुटतो, म्हणून सांगितलं. निकेलबद्दलही पुस्तकात तेच: वेग लिगंडच्या (धातूला जोडल्या जाणाऱ्या रेणूच्या किंवा आयनच्या) प्रमाणात वाढतो, तरी मेकॅनिझम डिसोसिएटिव्ह. मग वेगसमीकरण काढायचं तरी कशासाठी?"

परीक्षकांचं बरोबर आहे. पण तुझा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे. ऑरगॅनिकमध्ये आपण घोकलेलं असतं की न्यूक्लिओफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन येणारा गट, वेगसमीकरणात आला तर एसएन-टू (थेट हल्ला), नाही आला तर एसएन-वन (जुना गट आधी सुटतो). ती सवय घेऊन धातूंच्या कॉम्प्लेक्सकडे आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी इथेच अडखळतो. गेली तीसेक वर्षं मी हे प्रयोग करते आहे आणि करवून घेते आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण सगळा धागा एकदा हातात आला की पुन्हा सुटत नाही.

वेगसमीकरण एकच गोष्ट सांगतं: संक्रमण अवस्थेपर्यंत, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरच्या सर्वांत अवघड टप्प्यापर्यंत, पोचताना एकूण कोणकोणते घटक गोळा झाले. लग्नाला कोण कोण हजर होतं याची यादी हातात यावी तसं ते आहे. अंतरपाट कुणी धरला, हे त्या यादीवरून कळत नाही. कोणता बंध आधी तुटला, नवा लिगंड धातूला चिकटला की बाजूला उभा राहिला, हायड्रॉक्साइड म्हणून आलेल्या आयनने तिथे नक्की काय काम केलं, या कशाचंही उत्तर वेगसमीकरणात नसतं. शिवाय ही यादी अपुरीही असते. पाण्यातल्या अभिक्रियेत पाणी स्वतः भाग घेत असलं तरी त्याची संहती ५५ मोलारच्या आसपास स्थिर राहते, म्हणून समीकरणात ते दिसतच नाही. म्हणजे "वेग येणाऱ्या लिगंडवर अवलंबून नाही, म्हणून डिसोसिएटिव्ह" हे उलटं वाक्यसुद्धा तितकंच कच्चं आहे.

आधी निकेल घेऊ, कारण तिथे हिशेब स्वच्छ आहे. पाण्यात निकेल(२) भोवती (कंसातला आकडा धातूचा धन भार) सहा पाण्याचे रेणू असतात. अमोनिया घातला की एक पाणी जातं आणि अमोनिया आत येतो. अमोनिया दुप्पट केला तर वेग दुप्पट होतो. दुसऱ्या क्रमाचा वेगस्थिरांक २५ अंशांना साधारण ५,००० प्रति मोलार प्रति सेकंद. आता मानफ्रेड आयगेन आणि राल्फ विल्किन्स यांनी मांडलेलं चित्र बघ. धन आयन आणि लिगंड आधी नुसते शेजारी येतात. निकेलभोवतीचं पाण्याचं कडं तसंच शाबूत, लिगंड कड्याच्या बाहेर टेकलेला. याला बाह्यकक्ष जोडी म्हणू. ही जोडी क्षणात जमते, क्षणात मोडते, म्हणजे तिथे समतोल आहे. मग कधीतरी कड्यातलं एक पाणी सुटतं आणि दाराशीच उभा असलेला लिगंड त्या जागी शिरतो. हा दुसरा टप्पा हळू.

या चित्रात मोजलेला वेगस्थिरांक म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: जोडीचा समतोल स्थिरांक आणि आत शिरण्याचा वेगस्थिरांक. लिगंड कमी असेल तेव्हा जोड्या लिगंडच्या प्रमाणात वाढतात, म्हणून वेगही वाढतो. लिगंडने धातूवर जोर लावला म्हणून तो वाढत नाही. दाराशी उभ्या असलेल्यांची संख्या वाढली, एवढंच. अमोनियासारख्या विद्युतभार नसलेल्या लिगंडसाठी जोडीचा समतोल स्थिरांक गणिताने सुमारे ०.१५ येतो. ५,००० ला ०.१५ ने भाग. उत्तर येतं सुमारे ३३,०००. आणि निकेलभोवतीचं पाणी बाहेरच्या पाण्याशी जागा बदलतं त्याचा वेग स्वतंत्रपणे, ऑक्सिजन-१७ च्या एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा वेध घेणाऱ्या पद्धतीने) मोजला आहे. तो सेकंदाला सुमारे ३०,००० वेळा. अमोनिया असो, इमिडॅझोल असो की सल्फेट, भागाकार केल्यावर आकडे १० ते ३५ हजारांच्या पट्ट्यात येतात. आत कोण येणार आहे याची निकेलला जवळजवळ पर्वाच नाही. वेग ठरवणारी गोष्ट आहे पाण्याचं बाहेर पडणं. मला विचारशील तर अकार्बनी रसायनात यापेक्षा सुंदर भागाकार दुसरा नाही. परीक्षेत लिहायचा असेल तर हाच लिही, व्याख्या नव्हे.

यावरून शब्दांची एक उठाठेव मिटवून टाकू. १९६५ मध्ये लँगफर्ड आणि ग्रे यांनी मेकॅनिझमचे दोन वेगळे प्रश्न केले. पहिला: मधलं एखादं संयुग खरोखर तयार होऊन काही काळ जगतं का? सहाऐवजी पाच लिगंड असलेलं मधलं संयुग सापडलं तर डी, सात लिगंडांचं सापडलं तर ए, आणि कोणतंच सापडलं नाही तर आय, म्हणजे इंटरचेंज. दुसरा: वेग कशाला जास्त संवेदनशील आहे, येणाऱ्याला की जाणाऱ्याला? येणाऱ्याला असेल तर असोसिएटिव्ह बाजूचा इंटरचेंज, जाणाऱ्याला असेल तर डिसोसिएटिव्ह बाजूचा. निकेल या दुसऱ्या खणात बसतं. एसएन-वन आणि एसएन-टू हे शब्द या दोन्ही प्रश्नांची सरमिसळ करतात, म्हणून इथे ते मी वापरूच देत नाही.

आता तुझं कोबाल्ट. इथे नुसत्या बाह्यकक्ष जोडीने भागत नाही. अॅसिडमध्ये या कॉम्प्लेक्सचं क्लोराइड पाण्याने बदलायला २५ अंशांना अर्धआयुष्य सुमारे ११३ तास लागतं, म्हणजे पाच दिवसांच्या थोडं आत. तेच १ मोलार हायड्रॉक्साइडमध्ये लाखपटीहून जास्त वेगाने होतं. क्लोराइड, नायट्रेट किंवा अॅझाइड असे इतर ऋण आयन घातले तर असं काही घडत नाही. हायड्रॉक्साइडमध्येच असं काय आहे? न्यूक्लिओफाइल म्हणून तो काही जगावेगळा नाही. पण पाण्यात इतका तीव्र बेस दुसरा नाही. कळ इथेच आहे.

१९३७ मध्ये गॅरिक यांनी सुचवलं, आणि पुढे बासोलो आणि पिअरसन यांनी लावून धरलं, ते असं. हायड्रॉक्साइड कोबाल्टकडे जातच नाही. तो अमोनियाच्या एका नायट्रोजनवरचा प्रोटॉन काढून घेतो आणि पाणी होऊन मोकळा होतो. अमोनियाच्या जागी आता अमाइडो गट उरतो. हे झालं कॉन्जुगेट बेस. ते फार थोड्या प्रमाणात असतं, कारण या प्रोटॉनची आम्लता अगदी क्षीण आहे. पण अमाइडो गट कोबाल्टला इलेक्ट्रॉनची जोडी पुरवतो, पाच लिगंडांच्या मधल्या अवस्थेला आधार देतो, आणि त्यामुळे या बेसमधून क्लोराइड झपाट्याने सुटतं. रिकाम्या जागी पाणी येतं, प्रोटॉन परत फिरतो आणि आपल्याला हायड्रॉक्सो कॉम्प्लेक्स मिळतं. कॉन्जुगेट बेस किती, हे हायड्रॉक्साइडवर ठरतं. म्हणून वेगसमीकरणात हायड्रॉक्साइड आला. त्याने कोबाल्टला हातही लावला नाही.

हे सगळं रचलेली गोष्ट वाटेल, आणि १९५० च्या दशकात लंडनच्या इनगोल्ड, निहोम आणि टोब यांना ती तशीच वाटत होती. थेट हल्लाच होतो यावर ते ठाम होते. वाद बराच काळ चालला आणि मेकॅनिझम कसं ठरवावं हे शिकायचं असेल तर त्या वादासारखा शिक्षक नाही, कारण दोन्ही बाजूंकडे वेगसमीकरण एकच होतं. निकाल लागला तो वेगळ्याच प्रयोगांनी.

पहिला पुरावा सोपा. ज्या कॉम्प्लेक्समध्ये काढायला प्रोटॉनच नाही तिथे काय होतं? चार पिरिडीन आणि दोन क्लोराइड असलेलं कोबाल्ट(३) घे, किंवा पाच सायनाइड आणि एक ब्रोमाइड असलेलं. तिथे हायड्रॉक्साइडने वेग वाढवण्याची ही करामत दिसत नाही. थेट हल्ला असता तर नायट्रोजनवर हायड्रोजन आहे की नाही याच्याशी त्याला काय देणंघेणं?

दुसरा पुरावा मला सर्वांत आवडतो. अल्कलीत हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की काही हायड्रॉक्साइड खर्च होऊन हायड्रोपेरॉक्साइड आयन तयार होतो. हा न्यूक्लिओफाइल म्हणून हायड्रॉक्साइडपेक्षा सरस, पण बेस म्हणून दुबळा. थेट हल्ला खरा असेल तर वेग वाढायला हवा आणि पेरॉक्सो कॉम्प्लेक्स मिळायला हवं. प्रत्यक्षात वेग घटतो आणि मिळतं ते हायड्रॉक्सोच. बेस कमी झाला, वेग कमी झाला. एकाच आयनमधले दोन गुण असे वेगळे करून बघणारा हा प्रयोग आहे.

तिसरा: द्रावणात अॅझाइड ठेवून तीच अभिक्रिया कर. वेग तोच राहतो, पण उत्पादनात थोडं अॅझाइडो कॉम्प्लेक्स सापडतं. म्हणजे वेग ठरून गेल्यावर, नंतर, अॅझाइड आत शिरतं. आणि त्याचं प्रमाण निघून जाणारा गट क्लोराइड होता, ब्रोमाइड होता की नायट्रेट, यावर जवळजवळ अवलंबून नसतं. तिन्ही वाटा एकाच मधल्या संयुगातून जातात याची ही खूण. ग्रीन आणि टाउब यांनी ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं उत्पादनातलं प्रमाण मोजूनही हेच दाखवलं: जाणारा गट बदलला तरी ते प्रमाण तेच.

चौथा डायमिथिल सल्फॉक्साइडमधला. त्या द्रावकात कोबाल्टच्या एका नायट्रो-क्लोरो कॉम्प्लेक्सवर नायट्राइट किंवा अॅझाइड घातलं तर अभिक्रिया तासन्‌तास रेंगाळते. हायड्रॉक्साइडचा नुसता अंश टाकला की मिनिटांत आटोपते, आणि उत्पादनात हायड्रॉक्साइड नसतोच, नायट्राइट किंवा अॅझाइडच असतं. हायड्रॉक्साइड फक्त किल्ली फिरवून गेला.

प्रयोगशाळेत हे तुला एका आकडेमोडीतही दिसेल. अॅसिडमधल्या वाटेचा वेगस्थिरांक आणि हायड्रॉक्साइडच्या वाटेचा वेगस्थिरांक गुणिले हायड्रॉक्साइडची संहती, हे दोन आकडे शेजारी ठेव. पीएच ७ ला बेसची वाट एकूण वेगात टक्का-दीड टक्का भर घालते. पीएच ९ च्या आसपास दोन्ही सारख्या होतात. त्यापुढे बेसचीच सत्ता. म्हणून अॅक्वेशनचा, म्हणजे क्लोराइडच्या जागी पाणी येण्याचा, प्रयोग आपण ०.१ मोलार अॅसिडमध्ये करतो. कित्येक प्रात्यक्षिक वह्यांत "अॅसिड उत्प्रेरक म्हणून घातलं" असं लिहिलेलं मी खोडलं आहे. अॅसिड इथे दुसरी वाट बंद ठेवायला घातलेलं असतं.

हा प्रयोग खोलीच्या तापमानाला करायला गेलीस तर आठवडा जाईल. ६० अंशांना अर्धआयुष्य दोन तासांच्या आत येतं, म्हणून तिथे कर. स्पेक्ट्रोफोटोमीटर वापर: क्लोरो कॉम्प्लेक्सचा पट्टा ५३० नॅनोमीटरच्या आसपास, अॅक्वाचा ४९० च्या आसपास, आणि स्पेक्ट्रम एकमेकांना एकाच बिंदूत छेदत राहिले तर मध्ये काही साचत नाही याची खात्री मिळते. सिल्व्हर नायट्रेटने सुटलेलं क्लोराइड मोजायची जुनी पद्धत असेल तर एक काळजी घे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आमचे आकडे दर बॅचला वेगळे यायचे, आणि कारण कळायला अख्खं सत्र गेलं. नमुना गरम असतानाच टायट्रेट होत होता. सिल्व्हर आयन द्रावणातलं मोकळं क्लोराइड पकडतोच, पण कोबाल्टला बांधलेल्यालाही ओढून काढतो. मर्क्युरी(२) तर त्याहून कितीतरी जास्त. नमुना बर्फात थंड करून, पातळ करून, लगेच टायट्रेट केला की आकडे जुळायला लागले.

तर मग वेगसमीकरण काय कामाचं? ते नको असलेल्या कल्पना बाद करतं. उरलेल्या कल्पनांमधून निवड करायची तर काहीतरी बदलून बघावं लागतं. मी विद्यार्थ्यांना चार गोष्टी बदलायला सांगते.

जाणारा गट बदल. पेंटाअमाइन कोबाल्टच्या मालिकेत वेगस्थिरांकाचा लॉग आणि त्याच अभिक्रियेच्या समतोल स्थिरांकाचा लॉग यांचा आलेख लँगफर्डने काढला. उतार जवळजवळ १ आला. म्हणजे संक्रमण अवस्थेतच जाणारा गट सुटल्यासारखा, पाण्यात मोकळा झाल्यासारखा वागतो. पाच पाणी आणि एक ऋण आयन असलेल्या क्रोमियम(३) च्या मालिकेत तोच उतार ०.५६ च्या आसपास येतो. तिथे जुना बंध अर्धवट टिकून आहे आणि येणाऱ्याचा हात आधीच आत आहे. कोबाल्ट(३) आणि क्रोमियम(३), दोघेही मंद, दोघांचेही रंग देखणे, पाठ्यपुस्तकात दोघे शेजारी. पण त्यांचे स्वभाव वेगळे.

शेजारी बदल. कोबाल्टवर दोन एथिलिनडायअमाइन आणि दोन क्लोराइड असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये एथिलिनडायअमाइनच्या कार्बनांवर मिथिल गट वाढवत नेले की गर्दी वाढते आणि वेगही वाढतो, चार मिथिलपर्यंत सुमारे हजार पटींनी. बाहेरून कुणी आत घुसत असतं तर गर्दीने वेग घटला असता. गर्दीने एखाद्याला बाहेर ढकललं जातं तेव्हाच तो वाढतो.

दाब बदल. हे विद्यार्थ्यांना क्वचित शिकवलं जातं, पण माझ्या मते सर्वांत विश्वासार्ह आहे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे आंद्रे मेरबाख यांनी एनएमआरची नळी प्रचंड दाबाखाली ठेवून पाण्याच्या देवाणघेवाणीचा वेग मोजला. दाब वाढवल्यावर वेग घटला तर संक्रमण अवस्था फुगलेली, म्हणजे काहीतरी सुटतं आहे. वेग वाढला तर ती आकसलेली, म्हणजे काहीतरी आत येतं आहे. हा फरक घन सेंटीमीटर प्रति मोल या एककात मोजतात. निकेल(२) अधिक ७.२, कोबाल्ट(२) अधिक ६.१, लोह(२) अधिक ३.८, आणि मग मँगनीज(२) उणे ५.४, व्हॅनेडियम(२) उणे ४.१. पहिल्या संक्रमण ओळीत उजवीकडून डावीकडे जाताना चिन्हच बदलतं. डावीकडचे आयन मोठे आणि त्यांचे डी ऑर्बिटल कमी भरलेले, तिथे सातव्याला जागा आहे. क्रोमियम(३) चा आकडा उणे ९.६, म्हणजे वर उताराने जे सांगितलं तेच. सक्रियण एन्ट्रॉपीवरून (संक्रमण अवस्थेत अव्यवस्था किती वाढली किंवा घटली, यावरून) हाच निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे, पण तो आकडा आलेख फार दूरपर्यंत लांबवून मिळतो आणि त्याची चूक मोठी असते. एन्ट्रॉपी उणे आली म्हणून असोसिएटिव्ह, एवढ्यावर थांबलेला निष्कर्ष मी मान्य करत नाही.

चौथी गोष्ट येणारा गट, आणि ती बदलून खरा थेट हल्ला बघायचा असेल तर प्लॅटिनमकडे जायला हवं. प्लॅटिनम(२) चे कॉम्प्लेक्स सपाट चौकोनी. वर आणि खाली मोकळी जागा. तिथे मोजलेला वेगस्थिरांक येणाऱ्या लिगंडच्या संहतीपुढे मांडला की सरळ रेषा येते, पण ती शून्यातून जात नाही. उतार म्हणजे लिगंडचा थेट हल्ला. छेद म्हणजे द्रावकाने केलेला हल्ला: आधी द्रावक शिरतो, मग लिगंड त्याची जागा झटकन घेतो. म्हणजे लिगंडवर अवलंबून नसलेली वाटसुद्धा इथे असोसिएटिव्हच. आणि निकेलला ज्याची पर्वा नव्हती ती इथे भरपूर आहे. मेथेनॉलमध्ये दोन पिरिडीन आणि दोन क्लोराइडच्या प्लॅटिनम कॉम्प्लेक्सवर आयोडाइड क्लोराइडपेक्षा सुमारे अडीचशे पट वेगाने येतो, थायोयुरिया आणि फॉस्फिन तर त्याच्याही पुढे. धातू बदलला तरी तफावत अफाट: एकसारख्या रचनेत पिरिडीन येण्याचा वेग प्लॅटिनमच्या तुलनेत पॅलेडियमवर सुमारे ९० हजार पट आणि निकेलवर सुमारे ५० लाख पट.

प्लॅटिनमवर समोरासमोर कोण बसलंय यालाही फार महत्त्व. चेर्नियाएव यांनी १९२६ मध्ये हा ट्रान्स परिणाम मांडला. क्लोराइडच्या समोरचा गट अमोनियाच्या समोरच्यापेक्षा लवकर निघतो. म्हणून चार क्लोराइडवाल्या प्लॅटिनमवर दोन अमोनिया घातले की दुसरा अमोनिया पहिल्याच्या शेजारी बसतो आणि सिस रूप मिळतं. उलट चार अमोनियांवर दोन क्लोराइड घातले तर ट्रान्स. हे सिस रूप म्हणजेच सिसप्लॅटिन. इटलीच्या पेरोने यांनी १८४४ मध्ये बनवलेलं हे संयुग रोझेनबर्ग यांच्या १९६५ च्या निरीक्षणानंतर कर्करोगाचं औषध म्हणून पुढे आलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते शुद्ध बनवण्याची जी रीत जगभर वापरतात ती १९७० मध्ये धारा यांनी आपल्या इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्रीत दिली: आधी सगळे क्लोराइड काढून आयोडाइड घालायचे, कारण त्यांचा ट्रान्स परिणाम अधिक जोरदार, मग अमोनिया, मग सिल्व्हरने आयोडाइड काढून शेवटी क्लोराइड. आणि हे औषध रुग्णाला सलाइनमधून देतात त्यामागेही हेच शास्त्र: भरपूर क्लोराइड असेल तोवर प्लॅटिनमवरचे क्लोराइड जाग्यावर राहतात. रक्तात ते टिकतात, पेशीच्या आत क्लोराइड कमी, तिथे पाणी शिरतं, आणि मग डीएनएचा नायट्रोजन त्या पाण्याची जागा घेतो.

प्रश्नात नव्हती, पण याच धाग्यातली एक गोष्ट राहिली: स्थिर कॉम्प्लेक्स म्हणजे मंद कॉम्प्लेक्स नव्हे. हेन्री टाउब यांनी १९५२ मध्ये लेबाइल (लिगंड चटकन बदलणारं) आणि इनर्ट (मंद) हे शब्द वेगळे केले ते याचसाठी. त्यांनी व्यवहारी कसोटी दिली: २५ अंशांना ०.१ मोलार द्रावणात अभिक्रिया मिनिटाभरात पुरी झाली तर लेबाइल. निकेलचं चार सायनाइडवालं कॉम्प्लेक्स विलक्षण स्थिर, पण त्यातलं सायनाइड बाहेरच्या सायनाइडशी जागा बदलतं त्याचं अर्धआयुष्य सुमारे अर्धा मिनिट. क्रोमियम(३) च्या सहा सायनाइडवाल्याचं सुमारे २४ दिवस. दुसऱ्या टोकाला सहा अमोनियावालं कोबाल्ट(३): अॅसिडमध्ये ते टिकायलाच नको, तरी दिवसचे दिवस बाटलीत जसंच्या तसं. सगळा फरक इलेक्ट्रॉन मांडणीचा. तीन डी इलेक्ट्रॉन, किंवा कमी स्पिनचे (जोड्या करून बसलेले) सहा, असले की संक्रमण अवस्थेत क्रिस्टल फील्डचा, म्हणजे लिगंडांच्या मांडणीमुळे इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या स्थैर्याचा, जो आधार गमवावा लागतो तो फार मोठा असतो. कॉपर(२) भोवतीचं पाणी नॅनोसेकंदापेक्षाही कमी काळ बसतं. इरिडियम(३) भोवतीचं सरासरी सुमारे ३०० वर्षं. म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर तीन-चार दशकांनी आत बसलेलं पाणी सरासरीने आता कुठे बाहेर पडायच्या वेळेला आलेलं असतं.

धातूंच्या कॉम्प्लेक्सच्या रसायनाचा पाया घालणारे आल्फ्रेड व्हर्नर यांना कोबाल्टचे समघटक (तेच घटक, पण मांडणी वेगळी) वेगळे करता आले ते या मंदपणामुळेच. निकेलवर तेच काम केलं असतं तर त्यांच्या हाती काही लागलं नसतं. आपण कोबाल्टचे कॉम्प्लेक्स बनवतो तेही याच युक्तीने: आधी लेबाइल कोबाल्ट(२) घ्यायचं, अमोनिया त्यावर बसू द्यायचा, मग पेरॉक्साइडने ऑक्सिडेशन करून ते कोबाल्ट(३) मध्ये गोठवून टाकायचं. आणि ईडीटीएच्या (धातूला अनेक बाजूंनी धरणाऱ्या लिगंडच्या) टायट्रेशनमध्ये क्रोमियम(३) थंड द्रावणात का जुळत नाही, उकळावं का लागतं, हेही आता कळेल: त्याच्याभोवतीचं पाणी सरासरी चार-पाच दिवस जागा सोडत नाही. ईडीटीए कितीही घट्ट धरणारा असला तरी दार उघडेपर्यंत थांबणं त्यालाही चुकत नाही. क्रोमियमने एक प्रोटॉन गमावून हायड्रॉक्सो रूप घेतलं की देवाणघेवाण सुमारे ७५ पट वाढते, म्हणून तिथे पीएचकडेही लक्ष हवं.

तुझ्या प्रोजेक्टकडे परत येऊ. आकडे बरोबर आहेत, ते फेकू नकोस. वेगसमीकरण तसंच ठेव आणि त्याखाली दोन प्रयोग वाढव. एक, त्याच आयनिक स्ट्रेंग्थला (द्रावणातल्या एकूण आयनांचं प्रमाण तेच ठेवून), सोडियम परक्लोरेटऐवजी सोडियम अॅझाइड घालून बेस हायड्रोलिसिस, म्हणजे अल्कलीतली तीच अभिक्रिया, कर. वेग बदलतो का ते बघ, आणि मग उत्पादनात अॅझाइडो कॉम्प्लेक्स किती मिळालं ते मोज. अॅझाइड विषारी आहे, अॅसिडशी अजिबात संपर्क नको, फ्यूम हूडमध्ये आणि मार्गदर्शकांच्या समोरच हे काम कर. दोन, क्लोरोच्या जागी ब्रोमो कॉम्प्लेक्स बनवून तेच पुन्हा कर. वेग वाढेल, पण अॅझाइडोचा वाटा जवळपास तोच राहायला हवा. तो तसा राहिला, तर त्या दोन ओळींचा तक्ता परीक्षकांपुढे ठेव.